नाव मिक्कोचं, काम शिर्केभाईंचं

शिर्केभाईंनी एकदा मला माझ्याच स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या एकाही वस्तूला हात लावायची बंदी केली होती.

कारण आमटी. माझी आमटी त्यांना आवडली, कृती विचारून घेतली, घरी करून पाहिली, आणि बिघडली. दुसऱ्या कोणी 'तुमच्या हाताची चव' म्हणून सोडून दिलं असतं. हे गृहस्थ सकाळी दारात हजर. मिसळणाचा डबा, मीठ, अगदी सांडशीसुद्धा त्यांनी उचलून बाहेरच्या टेबलावर नेऊन ठेवली. म्हणाले, "आता लागेल ते मागा. मागाल तेवढंच देईन." मी मागत गेले, ते देत गेले. आमटी उतरवताना माझा हात आपोआप खिडकीकडे गेला. तिथे छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, बरणी असते. आमटीत शेवटी मी चमचाभर छुंदा घालते, आणि खरं सांगते, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं!

"जुओ, बघा वहिनी," शिर्केभाई म्हणाले, "हे तुम्ही सांगितलंच नव्हतं." इतका आनंद त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तोवर पाहिला नव्हता.

आम्ही बडोद्यात, कारेलीबागेत, एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. मी शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, ते एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. घरात तलवार आहे, तिने ते माळ्यावरची जळमटं काढतात. लग्न केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "राहून गेलं."

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर कमाटीबागेत फिरायला. शिर्केभाई पॅकेजं बांधतात. म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला बरेच चहा खर्च करावे लागले. जगात पुष्कळ लोक प्रोग्राम लिहून फुकट वाटतात. पण लिनक्स, बीएसडी अशी युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीमच्या गोतावळ्यातली घरं अनेक, आणि प्रत्येक घराची रीत निराळी. एका घरी चाललेला प्रोग्राम दुसऱ्या घरी रुसतो. तो सगळीकडे नीट बसावा म्हणून त्याला काय काय लागतं ते शोधून, सगळं एकत्र बांधून द्यायचं, हे यांचं काम. पैसे? छे! त्यांच्या बैठकीच्या खोलीत सोफा नाही, जुनी मशीनं आहेत, प्रत्येकात वेगळी सिस्टीम. रोज सकाळी ते एक मशीन पुसून कोरं करतात आणि त्यावर सगळं पहिल्यापासून बांधून बघतात. माझ्या ओट्याचं केलं तेच. आधीचं काही पडलेलं असलं की ते नकळत वापरलं जातं, असं त्यांचं म्हणणं.

"तुमच्याकडे चालतं हो. दुसरीकडे?" हा त्यांचा लाडका प्रश्न. सोसायटीच्या गणपतीत आरतीचा कागद छापला, तर ह्यांनी आरती न येणाऱ्या, खालच्या गुजराती जागृतीबेनना बोलावून तो म्हणायला लावला. बिचारीने 'इत्यादी इत्यादी'सुद्धा चालीत म्हटलं. आम्हां सगळ्यांना पाठ म्हणून कडवी अर्धीच छापली होती. कागद पुन्हा छापावा लागला. सेक्रेटरी अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

तर अशा या माणसाला एक मित्र होता. मिक्को. तिकडे फिनलंडात. एकच प्रोग्राम दोघे मिळून सांभाळत. शिर्केभाई इथल्या मशीनवर बांधत, मिक्को तिथल्या. सगळा व्यवहार एका ओळीचा: हे मोडलं, ते जोडलं. मी एकदा विचारलं, कधी भेटलात का? नाही. फोनवर बोललात? नाही. दिसतो कसा? माहीत नाही. मग मित्र कसला, म्हटलं. तर म्हणाले, "रोजचा."

दिवाळीनंतर मिक्को गप्प झाला. या पॅकेजवाल्या मंडळींत अशी रीत आहे की प्रत्येक पॅकेजवर सांभाळणाऱ्याचं नाव असतं. तो फार दिवस उत्तर देईनासा झाला की पॅकेज अनाथ म्हणून जाहीर होतं, नाव निघतं, आणि कोणीतरी ते दत्तक घेतं. मिक्कोच्या वाट्याच्या पॅकेजची तीच वेळ आली. सगळी मंडळी शिर्केभाईंना म्हणू लागली, तुम्हीच घ्या. त्यांनी साफ नकार दिला. स्वतःचं काम उरकून ते मिक्कोच्या वाटणीचंही करू लागले, नाव मात्र मिक्कोचंच ठेवून. दर खेपेला मंडळींकडे मुदत मागायची, मंडळींनी कुरकुर करत द्यायची. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर, आणि हे खाली मशीनपुढे. मी उंधियूची वाटी घेऊन गेले आणि चांगली फैलावर घेतलं. काम तुम्ही करता तर नाव तुमचं लावा की, हा काय वेडेपणा?

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. "वहिनी, तो परत आला आणि दारावर माझी पाटी दिसली, तर तो बाहेरूनच परत जाईल."

उंधियू गार व्हायच्या आत खा, एवढं सांगून मी आले. पण मनात म्हटलं, हा मिक्को काही यायचा नाही आता. शिर्केभाईंनाही तसंच वाटत असणार, कारण जेवणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं आणि माझ्या कुकरची शिट्टी कशी चुकते हे सांगायलासुद्धा ते येईनात. मला त्यांची फार काळजी वाटू लागली.

होळीच्या सुमारास एका दुपारी बेल वाजली. दारात शिर्केभाई, दाढी वाढलेली, पायात चपला नाहीत. म्हणाले, मिक्कोने त्यांची चूक काढलीय. एक ओळ चुकीची घातली होती, ती त्याने दुरुस्त केली.

मी त्यांना आत बसवून पाणी दिलं. मग हळूहळू कळलं. मिक्कोने सगळ्या मंडळींना कळवलं होतं, त्याची बायको वारली होती. त्याने मशीनच उघडलं नव्हतं. परवा उघडलं ते निरोप घ्यायला, तर पॅकेजवर नाव त्याचंच, आणि काम चालू. मग बसला, आणि चूक दिसली म्हणून दुरुस्त करत राहिला.

"छान झालं की," मी म्हटलं. "मग आता बसलात काय असे?"

शिर्केभाईंनी पेला दोन्ही हातांत धरला होता. म्हणाले, मिक्कोने खाली आणखी एक ओळ लिहिलीय. कामाची नाही. तसं इतक्या वर्षांत कधी लिहिलं नव्हतं. 'गुड मॉर्निंग' लिहिलंय.

"वहिनी, तुम्ही शाळेत होतात म्हणून विचारतो," ते म्हणाले. "मला कोणी असं म्हणत नाही, त्यामुळे माहीत नाही. याला उत्तर काय लिहितात?"

तेच परत लिहायचं, मी सांगितलं.

"एवढंच?" असं म्हणून ते उठले आणि तसेच अनवाणी, भर दुपारी, त्याला गुड मॉर्निंग लिहायला गेले.