पंतांचे दाणे

अंक परत आला की भिकाजीपंत तो आधी ताटावर धरून झाडत. एकेक लेख उघडायचा, शिवणीवर टिचकी मारायची आणि ताटात काय पडतं ते पाहायचं. आम्हाला वाटे, कसर झाडतात.

पंत लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून, आणि माझं टेबल त्यांच्या शेजारी. 'आवणी' हे त्यांचं हस्तलिखित मासिक. महिन्याला एकच प्रत. ती एकाकडून परत आली की दुसऱ्याकडे जाई, मागच्या पानावर अभिप्राय घेऊन येई. पुण्याची मासिकं मावळाला दारात उभं करत नाहीत, तेव्हा मावळानंच लिहावं, हा पंतांचा हेका. वडिवळ्याच्या रामभाऊंच्या ते असेच मागं लागले. रामभाऊ शेतकरी माणूस. म्हणाले, "पंत, मी काय लिवनार? भाताच्या आवनीबिगर मला काय बी येत न्हाई."

"मग तीच लिहा. बोलता तशी."

रामभाऊंनी लिहिली, आणि झकास लिहिली. कामशेतच्या बाबूभाई तांबोळ्यांनी विड्याच्या पानांच्या करंड्यांवर लिहिलं. मी कविता देई. अभिप्रायात मात्र दर महिन्याला माझी एकच ओळ: 'संपादकीय विशेष आवडले.' ते वाचायला वेळ कुणाला होता?

एकदा न राहवून विचारलं, "पंत, एवढं झाडता काय?"

"प्रत्येक लेखाच्या शिवणीत आंबेमोहोराचा एक दाणा ठेवतो. पान उघडलं की पडतो. रामभाऊंकडून अंक आला की फक्त रामभाऊंच्या लेखातला नसतो. तुमच्याकडून आला की तुमच्या कवितेतला. बाकीचे जागच्या जागी. लिहायला सगळा मावळ तयार आहे हो. वाचायला कुणी नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "संपादकीय तर मी..."

"हो, वाचतो ना तुमचा अभिप्राय. बरं वाटतं," पंत म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

नवा अंक घरी नेला आणि संपादकीय उघडलं. दाणा मांडीवर पडला. दोन्ही पानं कोरी होती. लढाईमुळे कागदाचं चिटोरं मिळेना अशा दिवसांत, कोरी.

सकाळी पंत यायच्या आत कपाटातले जुने अंक काढले. आठ महिन्यांची संपादकीयं तशीच, आणि आठही अंकांच्या शेवटी माझी ती ओळ. त्या ओळीची मला अजून लाज वाटते.

पंत आले. मी दाणा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो चिमटीत उचलला.

"वाचलंत?"

"वाचलं."

"कुणीतरी उघडेपर्यंत मासिक चालवायचं ठरवलं होतं," ते म्हणाले आणि सगळे अंक एका फडक्यात बांधायला लागले. "पुढच्या महिन्याला कविता देऊ नका."