परमेश्वर टेकाळेचं चेक

परमेश्वर टेकाळे पहिल्यांदा आमच्या घरी नाश्त्याला आला, तेव्हा त्याला पोहे आणखी हवे होते. तो आईला म्हणाला, "काकू, ते चपटे तांदूळ अजून थोडे मिळतील?"

आईचा डाव हवेतच राहिला. मुलगा जालना जिल्ह्यातला, आणि पोह्यांना चपटे तांदूळ म्हणतो? तेवढ्यात तो म्हणाला, "आणि थोडं जल."

आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात कुजबुजली, "सायली, किती संस्कारी आहे गं! घरात संस्कृत बोलत असतील."

मी त्याच्याच वर्गात होते, त्यामुळे मला एवढं नवल वाटलं नाही. आम्ही दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. माझा जन्म इथलाच, त्यामुळे माझं मराठी म्हणजे, आईच्या मते, 'अच्छा' आणि 'यार' यांच्या मधली मोकळी जागा. विद्यापीठात मला जर्मन हवं होतं. मार्क कमी पडले आणि मी चेक भाषेच्या वर्गात जाऊन पडले. आम्ही अकरा जण. दहा जण असेच वाहत आलेले. परमेश्वर तेवढा स्वतःच्या पायांनी चालत आला होता. तो दिल्लीत आला यूपीएससीसाठी, सोबत इतिहासात एम.ए., आणि त्यावर हे चेक.

"कलेक्टर व्हायला चेक लागतं?" मी विचारलं.

"लागत नाही. मात्र अडतही नाही."

हे 'मात्र' त्याचं फार लाडकं. वर्षभरात त्याच्या तोंडून 'पण' हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. बटाट्याला तो आलू म्हणायचा, पावसाला वर्षा, आणि पुस्तकाला चक्क ग्रंथ. मग तो ग्रंथ रेल्वेचं टाइमटेबल का असेना.

नाव विचारलं की तो सांगायचा नाही. खिशातून आय-कार्ड काढून समोर धरायचा. लायब्ररीत ठीक आहे हो. आमच्या जिन्यात शर्मा आंटींनी "बेटा, नाम क्या है?" विचारलं, तेव्हाही त्याने कार्डच पुढे केलं. आंटींना वाटलं, मतदार यादीवाला आला. त्या धावत आत गेल्या आणि अख्ख्या कुटुंबाची आधार कार्डं घेऊन आल्या. परमेश्वरने ती सगळी नीट वाचली, मान डोलावली आणि परत दिली. आंटी आजही सांगतात, काय सभ्य अधिकारी होता!

एकदा त्याला घेऊन सरोजिनी नगरला गेले. त्याला पँट घ्यायची होती. दुकानदाराला म्हणाला, "भैया, वो दिखाइए, जो टाँगों में डालते हैं।" त्याने मोजे काढले. मग आणखी खुणा झाल्या, तेव्हा पायजमा आला. तिसऱ्या खेपेला जे आलं ते बघून मी शेजारच्या दुकानातल्या ओढण्या न्याहाळायला लागले.

"पँट म्हण ना यार!" मी दात-ओठ खाऊन म्हणाले.

त्याने टांगलेल्या कपड्यांकडे बघितलं. मग एकदम चेहरा उजळला. "ट्राउझर!"

मात्र चेकमध्ये (बघा, मलाही सवय लागली) तो असा सुटायचा की विचारू नका. मेट्रोच्या गार्डला रोज 'दोब्री देन', म्हणजे नमस्कार. गार्डही हळूहळू तसंच म्हणायला लागला. गल्लीतल्या कुत्र्यांशी चेक. आइस्क्रीमवाल्याकडे तो 'झ्मर्झ्लिना' मागायचा. आइस्क्रीमला तिकडे असंच म्हणतात. त्या भाषेत स्वरांची टंचाई आहे. वर्गात बोलताना तो मध्येच डोळे मिटून थांबायचा, पण ते तर आम्ही सगळेच करत होतो. सात विभक्ती! कुठला प्रत्यय लावायचा हे आठवेपर्यंत माणूस थांबणारच.

आमच्या यितका मॅडम प्राग शहराजवळच्या. एक दिवस त्यांनी फळ्यावर एक अक्षर काढलं. 'र' आणि 'झ' एकाच श्वासात, जीभ थरथरवत म्हणायचे. अकरा जणांनी प्रयत्न केला. वर्गात अकरा मिक्सर एकदम लागल्यासारखा आवाज झाला. मॅडम हसत म्हणाल्या, "लाजू नका. आमच्याकडे कितीतरी मुलांना हे जमत नाही. त्यांना उच्चार शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवतात. मीही जायची, आरशासमोर बसून."

परमेश्वरचा हात वर गेला. मोडक्यातोडक्या चेकमध्ये त्याने विचारलं, "आणि इतर मुलं हसत नाहीत?"

"हसणार कोण? शेजारचाही त्याच रांगेत असायचा."

तास संपल्यावर तो बाहेर पायऱ्यांवर बसून राहिला. मी शेजारी बसले. तो म्हणाला, "सायली, मी शब्दांना प... प..."

मला वाटलं ठसका लागला. "पाणी देऊ?" म्हणाले. त्याने हात वर करून मला थांबवलं. कपाळावरची शीर फुगली होती.

"प... पळवाटा काढतो."

मग त्याने सांगितलं. 'प' आणि 'ब' आला की तो अडकतो. लहानपणापासून. शाळेत हजेरीच्या वेळी नाव सांगायचं म्हटलं की अख्खा वर्ग हसायला तयार असायचा. म्हणून त्याने प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द शोधून ठेवला. नावाला दुसरं नाव नव्हतं, म्हणून कार्ड.

"आणि मग चेक?"

"चेकमध्ये मला एका गोष्टीला एकच शब्द येतो. तोच म्हणावा लागतो. आणि अडकलो तरी कुणाला कळत नाही. तिथं सगळेच अडकतात."

इथे मी हे सलग लिहिलं. त्याला सांगायला बराच वेळ लागला. शेवटी म्हणाला, वडीलही असेच अडखळतात. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बाप-लेक फोनवर बोलतच नाहीत, फक्त मेसेज. 'जेवलास?' 'जेवलो.' झालं.

मला सरोजिनी नगर आठवलं. "परमेश्वर, त्या दिवशी मी ओरडले होते. सॉरी."

"असू दे. ट्राउझर चांगली निघाली."

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. बाहेरच्या, थेट प्रागच्या परीक्षक बाई येणार, आणि पहिलाच प्रश्न, नाव काय? तो म्हणाला, मी येत नाही. मग आमच्या क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. खुर्चीत परीक्षक म्हणून आई. तिला चेकचं अक्षर कळत नव्हतं, पण मी बजावलं होतं, तो अडकला तर त्याचा शब्द तू पुरा करायचा नाहीस. पंचवीस वर्षं बाबांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईला याहून कठीण काम नव्हतं. ती पदर तोंडात धरून बसायची.

परीक्षेला तो आला. त्याच्यानंतर माझा नंबर होता आणि दार किलकिलं होतं. "माझं नाव..." इथपर्यंत चेक नीट ऐकू आलं. मग फक्त पंख्याचा आवाज. खूप वेळ. मला आत जाऊन त्याचं नाव सांगून टाकावंसं वाटत होतं. मग ते आलं. पूर्ण आलं.

बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला.

"सांगितलंस ना!"

"तीनदा," तो म्हणाला. "त्यांना म्हणता येईना. त्या माझ्या नावावर माझ्याहून जास्त अडकल्या."

आणि जिन्यावर बसून आम्ही इतके हसलो की शिपाई ओरडायला आला.

निकाल लागला त्या रविवारी सकाळी तो आमच्याकडे आला. तो बऱ्या मार्कांनी पास, मी काठावर. आई चहा ओतत होती. तो बाल्कनीत गेला, वडिलांना फोन लावला, स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"काय रे, काय झालं? आजारी हाईस का?" तिकडून घाबरा आवाज आला. फोन म्हणजे वाईट बातमी, एवढंच त्या घराला माहीत.

"नाही. बा... बा... बाबा, मी प... पास झालो. चेकमध्ये."

तिकडे काहीच नाही. मला वाटलं, फोन कटला. मग आवाज आला, "पे... पे..."

आईने सवयीने तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने बंद केलं. परमेश्वर कठड्याला टेकून उभा होता. त्याला कसलीही घाई नव्हती.

"पेढे वाट की मग तिथं!" वडील म्हणाले.

त्यानंतर ते थांबेचनात. डेपोत नवीन गाड्या आल्या, शेजारच्या रावसाहेबाची म्हैस व्याली, तुझी आई रोज विचारते, हे चेक म्हणजे बँकेतलं का. कधी ते अडकत, कधी तो. आईने त्याचा चहा दोनदा गरम केला, आणि तिसऱ्यांदा भांडं तसंच ओट्यावर ठेवून दिलं.