पॉवर सप्लायवर आरोपपत्र

मंगळवार, अकरा मार्च. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, सकाळपासूनच उकाडा. एवढं वहीत टिपून झाल्यावर वहीवाल्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीही झालं नाही.

काहीही म्हणजे काहीही. दिवा नाही, पंखा नाही, साधा 'टुक' असा आवाजसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग जरा वेळ दुसरीकडे बघत थांबले आणि त्याला बेसावध गाठावं तसं अचानक दाबलं. तरी नाही.

(वहीवाले हे त्यांचं ऑफिसातलं नाव. तिथे ते रेकॉर्ड सांभाळतात आणि घरीही तेच करतात. दूध कोणत्या दिवशी किती वाजता उतू गेलं, हे त्या घरात अकरा वर्षं मागे जाऊन सांगता येतं. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.)

हा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडला होता. तीन रविवार खर्ची घालून, पुस्तिकेतलं अक्षरन् अक्षर वाचून, स्क्रू बशीत मोजून ठेवून. मेहुणे म्हणाले होते, "भावोजी, तयार मिळतो की दुकानात!" त्यावर वहीवाले ताडकन म्हणाले होते, "तयार तर चपलाही मिळतात." (या उत्तराचा अर्थ काय, हे त्यांना अजून नक्की सांगता येत नाही. पण मेहुणे गप्प बसले होते.) आणि नऊ दिवस तो अगदी गुणी बाळासारखा चाललाही होता.

"अहो, झाला का सुरू?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "माझं शेवटचं पान राहिलंय."

खरी अडचण इथे होती. गावातल्या वाचनालयात सहायकाची एक जागा निघाली होती. अर्ज आज संध्याकाळी पाचच्या आत मेलने जायला हवा होता. भरलेली चार पानं, फोटो, प्रमाणपत्रं, सगळं त्या मुक्या डब्याच्या पोटात. वीस वर्षं घर सांभाळल्यावर तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी काहीतरी मागायचं ठरवलं होतं.

"दहा मिनिटं दे," वहीवाले म्हणाले.

त्यांनी नवं पान उघडून वर 'तपास' असं लिहिलं. खाली पहिला प्रश्न लिहिला : काल रात्री बंद करेपर्यंत चालू होता. त्यानंतर काय बदललं? बराच विचार करून त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर लिहिलं : काहीही नाही. (बंद केल्यावर त्यांनी सगळ्या वायरींना लेबलं लावली होती, हे खरं. पण लेबल लावणं म्हणजे काही बदल नव्हे. ती शिस्त.)

मग रीतसर चौकशी सुरू झाली. भिंतीतल्या सॉकेटला टेबलावरचा दिवा लावला. दिवा लागला. सॉकेट निर्दोष सुटलं. वायरीच्या दोन टोकांना मीटरच्या दोन सुया लावल्या. मीटर 'पीं' करून ओरडला. म्हणजे वायर आतून अखंड, तीही निर्दोष सुटली. उरला पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज वाटून देणारा तो जड डबा. तो त्यांनी चार स्क्रू काढून बाहेर घेतला, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याच्या जुडग्यातली हिरवी वायर आणि काळी वायर कागदाच्या टाचणीने जोडली आणि वीज दिली. डबा धडधाकट असेल तर त्याचा पंखा फिरतो.

पंखा ढिम्म.

"नऊ दिवस!" वहीवाले गरजले. "खोक्यावर पाच वर्षांची गॅरंटी छापतात आणि चालतो नऊ दिवस! ही माणसं समजतात काय? आपण नोंदी ठेवत नाही असं वाटलं का यांना?"

"अहो, पण दुकानात जा ना. ओरडून तो फिरणार आहे का?"

ते गेले. सुटे भाग जिथून घेतले होते ते दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत बसणारा माणूस. वहीवाल्यांनी वही उघडून तपास पहिल्यापासून वाचून दाखवला. दुकानदाराने तो संपायची वाट न बघता डब्याला आपली वायर लावली, टाचणी अडकवली, आणि पंखा भिरभिरला.

"चालतोय की काका."

"माझ्या घरी चालत नाही."

"मग घरात काहीतरी असेल."

"घरात मी असतो!" वहीवाले कडाडले.

घरी येऊन त्यांनी पुन्हा टाचणी लावली. पंखा ढिम्म. ते आल्या पावली परत दुकानात. तिथे पंखा भिरभिरला. आता मात्र त्यांचा तोल गेला.

"हा तुमच्यासमोर सभ्यपणाचं नाटक करतो!"

"काका, तो डबा आहे."

"डबा असला म्हणून काय झालं? आमच्या ऑफिसातही अशी माणसं आहेत. वरिष्ठ आले की कामाला लागतात!"

दुसऱ्यांदा ते घरी आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. बायको खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती. फोनवर मेहुणे होते आणि त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता : "ताई, मी तेव्हाच म्हटलं होतं."

"मी काही बोलत नाहीये," बायको फोन ठेवत म्हणाली. (संसारात ज्याने हे वाक्य एकदा ऐकलंय, त्याला त्याची किंमत सांगायला नको.) मग ती उठली. "सगळं उचला. कॉम्प्युटर, स्क्रीन, कीबोर्ड, वायरी. एकूण एक."

"अगं, दोष फक्त पॉवर..."

"एकूण एक."

अशी ती वरात निघाली. वहीवाल्यांच्या पोटाशी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, बायकोच्या काखेत स्क्रीन. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "घर बदलताय का?" वहीवाल्यांनी चालण्याचा वेग वाढवला.

दुकानदाराने पॉवर सप्लाय जागेवर बसवला आणि आपली वायर लावली. कॉम्प्युटर झगमगला. मग त्याने वहीवाल्यांची वायर लावली. काळोख.

"वायर मी तपासलीय!" वहीवाले वही नाचवत म्हणाले. "मीटर ओरडला होता! दहा वाजून वीस मिनिटांनी!"

बायकोने वायर हातात घेतली आणि तिचं तोंड कॉम्प्युटरच्या पाठीत दाबलं. पुन्हा दाबलं. "हे आत जातच नाहीये पूर्ण," ती म्हणाली आणि नखाने काहीतरी खरवडू लागली.

"अगं, अगं! ते लेबल आहे!"

लेबलच होतं. जाड पुठ्ठ्याचं, वर चिकटपट्टीचे तीन वेढे, अगदी तोंडाशी. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'मुख्य वीजपुरवठा. काढू नये.' तिने ते काढलं. वायर खट्कन आत बसली आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

वहीवाल्यांनी सुटलेलं लेबल उचलून वहीत ठेवलं.

"वायरीची तोंडंच एवढी घट्ट बसणारी बनवतात," वहीवाले म्हणाले. "एका साध्या लेबलापुरती जागा ठेवत नाहीत. कंपनीला कळवलं पाहिजे."

बायकोचं लक्ष नव्हतं. ती काउंटरवरच कीबोर्ड ओढून शेवटचं पान भरत होती. चार वाजून गेले होते. 'इतर कौशल्ये' या रकान्यापाशी ती क्षणभर थांबली आणि मग टाइप केलं : संगणकातील बिघाड शोधणे व दूर करणे.

"अगं, एका लेबलावर?"

"खोटं आहे का?" तिने दुकानदाराकडे पाहिलं.

"नाही ताई," दुकानदार म्हणाला. "बिघाड होता, तुम्ही शोधलात, दूर केलात."

"पण जोडला मी!" वहीवाले ओरडले. "तीन रविवार! तेही लिही कुठेतरी!"

तिने पान वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "त्याला रकाना नाहीये," ती म्हणाली.

अर्ज दुकानाच्याच इंटरनेटवरून चार वाजून अडतीस मिनिटांनी गेला. एकोणतीस मार्चला वाचनालयाचं पत्र आलं. तिची सहायक म्हणून सात एप्रिलपासून नेमणूक झाली. वाचनालयातल्या सहा कॉम्प्युटरांची दुरुस्तीही तिच्याकडेच सोपवली होती.