बैलांशी फ्रेंच बोलणारे करीमचाचा

तिसगावच्या बाजारात करीमचाचा नालबंद बैलाला पाडून खुरांना लोखंडी पत्री मारायचे, तेव्हा त्याच्या कानाशी वाकून फ्रेंच बोलायचे. "दूसमाँ, दूसमाँ." म्हणजे हळू, सबूर. बैल पाथर्डीकडचा, पण गप पडून राही. चुळबुळ मालकाचीच.

चाचा पहिल्या महायुद्धात खेचरांना नाल मारायला फ्रान्सला गेलेले. तिथं एका शेतकरी म्हातारीच्या गोठ्यात त्यांनी हिवाळा काढला, तिच्या चुलीवरचं खाल्लं. "ज्याचं मीठ खाल्लं त्याची रयत," असा त्यांचा कायदा. दुसऱ्या लढाईत तलाठी रेशनसाठी माणसं मोजत आला, तर म्हणाले, "लिवा, निम्मा फ्रान्सचा."

"चाचा, मग साखर निम्मीच मिळंल."

"चालंल. आमच्या फ्रान्सात बी सध्या टंचाईच हाय."

अमेरिकेवर त्यांचा हक्कच होता. "विंग्रजाच्या हातनं सुटायला अमेरिकेला आमीच मदत केल्ती."

"तुमी गेल्ता व्हय?"

"मी न्हाई, आमचं फ्रान्स. लई जुनी गोष्ट हाय. म्हातारीच्या घरात सांगायचे."

चाचा मुंबई बंदराच्या पुढं गेलेच नाहीत आणि ती भाषा त्यांनी मनानंच रचली, असं गाव म्हणायचं. अजूनही म्हणतं. माझं दोरखंडाचं दुकान त्यांना लागून. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायचो. आज ऐंशी ओलांडल्यावर ते माझ्याच तोंडानं खोडलं पाहिजे.

जर्मनांच्या हातनं फ्रान्स सुटल्यानंतरच्या हिवाळ्यात नगरकडून आलेला अमेरिकन सोल्जरांचा ट्रक बाजारात बंद पडला. चाचा एका खिल्लार बैलावर वाकले होते. त्यांचं "दूसमाँ" ऐकून एक तरणा सोल्जर थबकला, जवळ येऊन उकिडवा बसला आणि तसलंच काहीतरी बोलला. चाचांच्या हातातली हातोडी थांबली. मग दोघं बोलतच सुटले. दोराचं टोक हातात धरून मी आ वासून बघत राहिलो.

ट्रकचा ड्रायव्हर आपल्या नगरचा. त्यानं सांगितलं, "ह्याचा मुलूख अमेरिकेतलाच, पण फ्रेंचांनी वसवलेला. घरात आजी फ्रेंचच बोलती. म्हनतो, आमचे आजोबा खेचराला असंच चुचकारायचे."

तलाठी शेजारीच उभा होता. त्याच्याकडं मान वळवून चाचा म्हणाले, "ऐकलं? फ्रान्सचा निम्माबी खरा निघाला. आता साखर पुरी द्या."

ट्रक गेल्यावर मी विचारलं, "चाचा, एवढं काय बोलत होता?"

"त्याचा भाऊ हाय तिकडं फ्रान्सात, फौजेत. मी म्हातारीच्या गावचं नाव सांगितलं. म्हनलं, निरोप पोचीव. निघताना ती म्हनली हुती, घरी सुखरूप पोचलास की कळीव. मला लिवता येत न्हाई, अन् तिची भाषा लिवनारं हितं कोन?"

"तीस वर्षं झाली, चाचा. म्हातारी असंल का आता?"

"नसंल. घर तर असंल?" त्यांनी हातोडी पिशवीत टाकली. "करीम घरी पोचला. तिच्या भाषेतलं एवढं एकच बोलनं तोंडातनं जाऊ नये, म्हनून बैलांशी बोलत हुतो."

पुढच्या बाजारी चाचा मुकाट्यानं पत्री मारू लागले. बैल पाय झाडायला लागला. दोर माझ्या हातात होता. मीच त्याच्या कानाशी वाकलो. "दूसमाँ," म्हणालो.

चाचांनी वर पाहिलं. "तसं न्हाई," ते म्हणाले, "जरा नाकातनं."