साळबाची शाल

एका जंगलात, मुलांनो, सगळं कसं जागच्या जागी होतं. सिंहमहाराज सिंहासनावर, माकडं झाडावर आणि साळबा कामावर.

साळबा हे एक साळिंदर. गबाजीशेठ नावाच्या अस्वलाच्या मधाच्या कारखान्यात तो पोळ्यांना भोकं पाडायचा. पाठ वाकवायची, काटे उभारायचे आणि पोळं वरून फिरवायचं, की मध गळू लागे. रोज संध्याकाळी टोपलीभर कंद मजुरी मिळे. त्यात साळबा, त्याची बायको भिवरा आणि दोन पिल्लं पोटभर जेवत.

शिवाय साळबा राखीव सैनिक होता. म्हणजे काय, ठाऊक आहे? एरवी आपलं काम करायचं आणि नदीपलीकडून कोळसुंदे, म्हणजे रानटी कुत्रे, चालून आले की हातातलं काम टाकून काठावर उभं राहायचं. कोळसुंदे फक्त काट्यांना भितात. सिंहमहाराज कोळसुंद्यांना भीत, पण ते तुमच्या पुस्तकात नाही, तेव्हा विसरून जा.

एके दिवशी टिटवीने ओरडून जंगल डोक्यावर घेतलं. कोळसुंदे आले होते.

महाराज गुहेच्या दारात आले. "वीरांनो! काठावर तुम्हाला रोज मूठभर कंद मिळतील. मूठ आणि टोपली यांच्यातला फरक तुमच्या घरी पोचता होईल! तुम्ही निश्चिंत मनाने लढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साळबा निश्चिंत मनाने गेला. भोळाच तो.

आठ दिवस वाट पाहून भिवरा महाराजांच्या कचेरीत गेली. तिथे एक मुंगूस कारकून होता.

"भाऊसाहेब, आमच्या घरचा फरक आला नाही अजून."

"मालकाचा दाखला आणा, वहिनी. साळबा त्यांच्याकडे कामाला आहे असा."

भिवरा कारखान्यात गेली. गबाजीशेठ बोटं चाटत बसले होते.

"कामाला आहे? कुठाय?" त्यांनी खाली वाकून खाटेखालीसुद्धा पाहिलं. "महिनाभर येणार नाही म्हटल्यावर पटावरून नाव काढलं मी. खोटा दाखला देऊ? देशाशी बेइमानी करू?"

भिवरा पुन्हा कचेरीत. मुंगसाला फार वाईट वाटलं.

"म्हणजे तो बेकार आहे की हो! बेकाराला कसली मजुरी? मजुरीच नाही तर फरक कसला? उलट रोज मूठभर कंद मिळताहेत, हा निव्वळ फायदाच."

त्याच दिवशी गबाजीशेठना कचेरीतून भरपाई म्हणून तीन रांजण मध मिळाला. एक हाडाचा कामगार त्यांनी देशाला दिला होता ना!

चार महिने साळबा लढला. चार महिने भिवराने नखांनी जमीन उकरली. कोळसुंदे पळाले. साळबा घरी आला तेव्हा धाकट्या पिल्लाच्या बरगड्या मोजता येत होत्या. साळबा दारातच बसला आणि रडला. सैनिक रडत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

मग जाहीर सत्कार ठेवला. आपल्याकडे काहीही झालं की शाल आणि नारळ द्यायची रीत आहे, तशीच त्या जंगलातही होती. महाराजांनी स्वतःच्या पंजांनी साळबाच्या पाठीवर शाल घातली. टर्र! शालीला तेवीस भोकं पडली. सवयीचं काम होतं.

सभा सुन्न झाली. सन्मानाच्या शालीचा अपमान! चौकशी समिती बसली. समितीने विचारलं, "तुझी अडचण काय?"

"पोरं उपाशी आहेत, साहेब. चार महिन्यांचा फरक द्या."

समितीने लिहून घेतलं : अर्जदारास शाल बसत नाही.

महिन्याभराने हुकूम निघाला. सर्व राखीव साळिंदरांनी काटे काढून घ्यावेत, म्हणजे शाल नीट बसेल. काटे काढल्याची खात्री पटल्यावर फरकाचा विचार होईल.

साळबा घुटमळला. पाठीवर काटे होते म्हणून तर तो साळबा होता. आणि गबाजीशेठनी काही त्याला परत कामावर घेतलं नव्हतं.

भिवरा म्हणाली, "काढा हो. काटे परत येतील. पोर गेलं तर येणार आहे का?"

साळबाने काटे काढले. कचेरीने नवी शाल दिली. ती चापूनचोपून बसली. फरकाचा विचार मात्र अजून चालूच होता.

इतक्यात टिटवी पुन्हा ओरडली. साळबा शाल पांघरून काठावर उभा राहिला, गुळगुळीत. कोळसुंद्यांचा म्होरक्या थबकला.

"इथे एक साळिंदर असायचं, ते कुठं गेलं?"

"मीच तो."

म्होरक्याने त्याला सगळीकडून पाहिलं. मग त्याने नुसता नमस्कार केला, बाजूने वाट काढली आणि सारी टोळी घेऊन आधी मधाच्या कारखान्याकडे व तिथून गुहेकडे गेला. गुहेत तेव्हा गबाजीशेठांचा सत्कार चालू होता.

साळबा घरी आला. त्याने ती शाल दोन्ही पिल्लांच्या अंगावर घातली आणि भिवराला म्हणाला, "चल, पलीकडच्या रानात काम बघू."

तात्पर्य : मुलांनो, सैनिकाला शाल बसत नसेल तर शालीला बोल लावू नये, सैनिक तासून घ्यावा. आणि त्याच्या घरी चूल पेटली का, हे विचारू नये. सत्कारात नारळ दिलेला असतो.