वेंडेलच्या इंजिनातला वॉशर

वेंडेल टोस्ट्रुडला आपल्याच गाडीची भीती वाटत होती, आणि शर्यत दुपारी होती. विस्कॉन्सिनमधला चीजचा कारखाना विकून त्याने यंदाच ही जुनी रेसची गाडी घेतली होती. अ‍ॅल्युमिनियमचं आठ लिटरचं अगडबंब इंजिन, तेही चालवणाऱ्याच्या थेट पाठीशी. काल सरावात त्याने पाय जरासा दाबला आणि झाडं, कुंपण, कुंपणामागची बायको, सगळं एकत्र कालवलं गेलं. आज सकाळपासून त्याच्या घशाखाली सॉसेज उतरत नव्हतं, आणि आमच्याकडे माणसाला सॉसेज उतरत नाही म्हणजे प्रकरण गंभीर.

घाबरलोय असं सांगायची सोय नव्हती. बायकोने, आर्डिसने, चर्चमधल्या सगळ्या मैत्रिणी आणून कठड्यापाशी बसवल्या होत्या. मग वेंडेलला युक्ती सुचली. या इंजिनाच्या माथ्यावर हवा ओढणाऱ्या आठ नळ्या आ वासून उभ्या असतात. त्यांत काही पडलं तर इंजिन सुरू करायचं नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. लोखंडाची वस्तू सांगितली असती तर कुणीतरी चुंबक घालून शोधली असती. म्हणून त्याने कपाळावर हात मारून जाहीर केलं, की नळीत अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर पडला.

आता सावलीत खुर्ची टाकून हळहळत बसायचं, एवढाच त्याचा बेत होता. पण या शर्यतवाल्या मंडळींचा रिवाज त्याला अजून ठाऊक नव्हता. शेजाऱ्याचं इंजिन अडलं की आपली गाडी सोडून धावायचं, मग तो प्रतिस्पर्धी का असेना. पलीकडच्या तंबूतला गॉर्डी झीबेल पाने घेऊन हजर झाला. त्याच्या मागोमाग ऑटो नावाचा एकजण आणि आणखी दोघे. तसल्याच इंजिनांच्या गाड्या असलेले हे सगळे म्हातारे.

"कुठल्या नळीत?" गॉर्डीने विचारलं.

"तिसऱ्या. नाहीतर चौथ्या. नीट दिसलं नाही."

"मग सगळंच उघडू."

नळ्या निघाल्या, वॉशर नाही. वेंडेल म्हणाला, जाऊ द्या, तुमची शर्यत आहे. त्याच्या मोठ्या मनाने सगळे गहिवरले आणि दुप्पट जोराने कामाला लागले. वरची झाकणं निघाली, खालचं तेलाचं भांडं निघालं. प्रत्येक बोल्टागणिक वेंडेल एकेक पाऊल मागे सरकत होता. एकतर थाप उघडी पडणार, नाहीतर हे लोक इंजिन जोडून त्याला त्यात बसवणार. यातलं जास्त वाईट कोणतं, हे त्याला ठरवता येईना.

"काळजी करू नकोस," गॉर्डी म्हणाला. "माझ्या ट्रकमध्ये एक इंजिन जास्तीचं आहे. तुझ्याहून जरा दांडगंच आहे."

वेंडेल मटकन टायरवर बसला. तेवढ्यात आर्डिस आली.

"अहो, असे पांढरे का पडलात?"

"गाडीचं वाईट वाटतंय गं."

"वाटून घेऊ नका. गॉर्डी तुम्हाला शर्यतीत बसवल्याशिवाय राहायचा नाही."

भोंग्यावरून गाड्या रांगेत आणायची सूचना झाली. वेंडेलने डोळे मिटले. गॉर्डीने कोपरापर्यंत हात इंजिनात घातला, जरा चाचपडला आणि म्हणाला, "सापडला."

वेंडेलने डोळे उघडले. गॉर्डीचा हात तेलाने काळाकुट्ट झाला होता आणि तळव्यावरचा वॉशर मात्र कोरडा, चकचकीत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॉर्डीने पडेल चेहऱ्याने आयोजकांना सांगितलं, की हे जोडायला काय किंवा दुसरं बसवायला काय, संध्याकाळच होणार. मित्राचं इंजिन उघडं टाकून आम्ही शर्यतीला जाणं बरं दिसत नाही, तेव्हा आमच्याही गाड्या बाद धरा. कठड्यापाशी चर्चच्या बायकांनी डोळे पुसले. तिघा म्हाताऱ्यांनी सुस्कारा सोडून लगोलग बिअर उघडली. ऑटो तेवढा खिशात हात घालून उभा होता.

वेंडेल गॉर्डीच्या कानाशी गेला. "तो वॉशर..."

"माझ्या खिशातला. गेल्या वर्षी माझ्या इंजिनात पडला होता तोच." गॉर्डीने शांतपणे हात पुसले. "पण लेका, आधी विचारायचं तरी. यंदा पाळी ऑटोची होती. बिचारा कालपासून खिशात बोल्ट घेऊन फिरतोय."