दोन सुया आणि एक खुर्ची

"पेशकाराची खुर्ची आता आपलीच!" गुरुवारी सकाळी कचेरीत निघताना शेरवानीची गुंडी लावत व्यंकटरावांनी आरशाला बजावलं.

आरसा काही बोलला नाही. बोलल्या त्या मागं उभ्या असलेल्या यमुनाबाई. "खुर्ची मिळेल हो, पण तिच्यात बसून जागं राहाल ना?"

हे वाक्य नवऱ्याला झोंबावं म्हणूनच बोललं होतं आणि ते झोंबलं. औरंगाबादच्या महसूल कचेरीत व्यंकटराव नावाजलेले कारकून होते. उर्दू फर्डी, हिशेब चोख, जुन्या फायली तोंडपाठ! पण दुपार झाली की मान खाली जायची ती सरळ दौतीपर्यंत. आवाज चिरका, मिशा जेमतेम, आणि दोन जिने चढले की धाप. शेजारच्या टेबलावरचे इब्राहीमभाई प्रेमानं म्हणायचे, "व्यंकटराव, कपाळाला शाई लागलीय बघा!"

विशीत त्यांना गालगुंड झाले होते, आणि ते गालापुरते थांबले नव्हते. नको तिथं उतरले होते. तेव्हापासून हे असं. शेवटी शहागंजातल्या डॉक्टर कमरोद्दीन यांनी त्यांना नीट तपासलं, लघवी हैदराबादला तपासायला पाठवली आणि एके दिवशी समोर बसवून सांगितलं, "व्यंकटराव, पुरुषाच्या अंगात जो रस तयार व्हायला पाहिजे तो तुमच्यात लई कमी होतोय. टेस्टोस्टेरॉन म्हणतात त्याला. बाहेरून द्यावा लागंल. तेलातलं इंजेक्शन असतं, आठवड्याला एक."

"दंडात?"

"कुल्ल्यात."

व्यंकटराव लाजेनं इतके लाल झाले, की डॉक्टरांना औषध आधीच लागू पडल्यासारखं वाटलं!

"आणि ऐका," डॉक्टरांनी बोट उगारलं. "तेल तळहातावर कोमट करायचं. हळूहळू द्यायचं. एका हप्त्याला डावी बाजू, दुसऱ्या हप्त्याला उजवी. मधून मधून रक्तदाब बघू, लघवी तपासू. आणि आपल्या मनानं एक थेंबसुद्धा जादा नाय! कमी आहे तेवढं भरून काढायचंय, पहिलवान बनायचं नाय. जादा झालं तर अंगावर सूज, डोकं भणभण, रक्त दाट. समझे?"

"समझे," व्यंकटराव म्हणाले. हा शब्द माणूस किती सहज बोलतो!

औषध मात्र खरंच लागू पडलं. व्यंकटराव दुपारी जागे राहू लागले. न्हाव्याला बोलवायची वेळ लवकर येऊ लागली. कचेरीत मात्र ते दर आठवड्याला "दाताला दाखवून येतो" म्हणून जायचे. "दात तरी किती आहेत हो तुम्हाला?" इब्राहीमभाईंनी एकदा विचारलंच.

महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं, थंडी जोरात पडली होती, आणि अशात जुने पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे कचेरीतले बडे कारकून, निवृत्त झाले. त्यांची ती वेताची, हातांची, पाठीला मखमल लावलेली खुर्ची रिकामी झाली! व्यंकटरावांनी त्या खुर्चीकडं बघत अर्धं आयुष्य काढलं होतं. यमुनाबाईंच्या मते लग्नात बायकोकडंही त्यांनी इतकं बघितलं नव्हतं. उमेदवार दोनच, व्यंकटराव आणि इब्राहीमभाई. जिल्ह्याचा कारभार बघणारे तालुकदारसाहेब शनिवारी स्वतः येऊन निवड करणार होते.

"एका सुईनं मी जागा राहतो," त्या गुरुवारी व्यंकटरावांनी हिशेब मांडला. "मग दोन सुयांनी काय होईल!"

डॉक्टर पैठणला रोगी बघायला गेले होते. दवाखान्यात होता फक्त कंपौंडर पुंजाराम.

"डॉक्टरसायब तर एकच म्हणत्यात," तो कुरकुरला.

"या खेपेला दोन. दोन्ही बाजूंना. त्यांचं माझं बोलणं झालंय!" व्यंकटरावांनी ठोकून दिलं.

"बरं. मग तेल जरा हातावर गरम करतो..."

"अरे, मला कचेरीत जायचंय! टोच!"

थंडीनं तेल घट्ट झालेलं. सुईतून जाता जाईना. पुंजारामानं दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, व्यंकटरावांनी पलंगाची पट्टी चावली आणि एकदाचं दोन्हीकडचं काम उरकलं. रात्रीपर्यंत दोन्हीकडं लिंबाएवढ्या गाठी आल्या! शुक्रवारी कचेऱ्यांना सुटी असायची, तो दिवस ते पालथे पडून होते.

"डॉक्टरांना न विचारता दोन?" यमुनाबाईंनी हळदीचं गरम पोटीस बांधत विचारलं.

"जरा जास्त ताकद यावी म्हणून..."

"आलीय की. सगळी सुजेला आलीय!" असं म्हणून त्या हसल्या, आणि मग पदरानं डोळेही पुसले. त्यांना काळजी वाटत होती. पण हसू काही थांबत नव्हतं.

शनिवारी व्यंकटराव पाय फाकवत कचेरीत पोचले. फाटकाशी आल्यावर त्यांचा हात मागं गेला आणि पिवळा होऊन परत आला. पोटिसाची हळद पायजम्यातून थेट पांढऱ्या शेरवानीवर उतरली होती! पाठीमागं पिवळा सूर्य उगवला होता.

आता ना बसता येत होतं, ना कुणाकडं पाठ करता येत होती. व्यंकटराव भिंतीला पाठ लावून उभे राहिले. कपाटातली फाईल आणायची तर उलटं चालत जायचे आणि उलटे परत यायचे. शिपाई बन्सी चहा घेऊन आला तर त्याच्यासमोरूनही ते तसेच मागं मागं सरकले. बन्सीला आजवर एवढा मान कुणी दिला नव्हता. तो गोंधळून कपासकट वाकला.

इतक्यात तालुकदारसाहेब आले. मोठ्या घराण्यातला माणूस! आजोबांच्या ड्योढीवर, त्या मोठ्या वाड्यात, लोक कसे अदबीनं वागत, हुजुरांना कशी पाठ दाखवत नसत, हे ते भेटेल त्याला सांगायचे आणि हल्लीच्या पोरांना तमीज नाही म्हणून उसासे टाकायचे. सगळे उठले, सलाम केला, बसले. व्यंकटराव तेवढे उभेच.

"आप क्यों खडे हैं?"

"हुजूर..." व्यंकटराव भिंतीला आणखी चिकटले. "हुजूर के सामने... बैठना..."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "वाह!"

"साहेब, हे सकाळपासून उभे आहेत," इब्राहीमभाई काळजीनं म्हणाले. "आणि कुणालाच पाठ दाखवत नाहीत. बन्सीलासुद्धा!"

"शिपाई को भी नहीं?" साहेबांचा आवाज भरून आला. "अरे, ती पेशकाराची खुर्ची आणा इकडं! बैठिए व्यंकटराव. जरा देखें तो, कैसी जँचती है!"

वाचकहो, विचार करा! ज्या खुर्चीसाठी सारा खटाटोप केला ती समोर, साहेब स्वतः म्हणतात बैठिए, सगळी कचेरी बघतेय. व्यंकटरावांनी मनात कुलदैवताचं नाव घेतलं, हात टेकवले आणि ते हळूहळू खाली आले. आणखी खाली आले. वेत नुसता लागला मात्र...

"आई गंऽऽऽ!"

व्यंकटराव ताठ उभे! डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"क्या हुआ?"

"नाही हुजूर," ते हुंदके देत म्हणाले, "आपके सामने... इस कुर्सी पर... हमसे नहीं होता!"

हे शब्द मात्र शंभर टक्के खरे होते. साहेबांनी रुमाल काढून आपलेही डोळे टिपले. त्यांनी उठून व्यंकटरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ऐसे आदमी को कुर्सी देना उसकी तौहीन है! आजपासून व्यंकटराव आमचे अर्जबेगी. आमच्या उजव्या हाताला उभे राहून अर्ज वाचतील. पेशकारी इब्राहीम को दे दो."

पगार वाढला, मान वाढला, कमरेला जरीचा पट्टा आला. सूज मात्र डॉक्टरांच्या औषधानं आठ दिवसांत उतरली. आता व्यंकटराव कुठंही, कसेही बसू शकत होते. पण सकाळपासून सायंकाळपर्यंत ते साहेबांच्या उजव्या हाताला उभे! आणि समोर त्या मखमली खुर्चीत इब्राहीमभाई. बिचारे भले गृहस्थ. साहेब जेवायला गेले की हळूच म्हणायचे, "घ्या, टेका जरा." व्यंकटराव टेकणार इतक्यात बन्सी दारातून कौतुकानं बघत म्हणायचा, "आमचे अर्जबेगीसायब कधी बसत नाय, व्हय ना?"

डॉक्टरांनी आधी भरपूर झापलं. मग रक्तदाब ठीक आल्यावर सुई पुन्हा सुरू करायचं ठरवलं. "आता बसायला काही त्रास?"

"बसायला काडीचा त्रास नाय, डॉक्टरसाहेब," व्यंकटराव केविलवाणं म्हणाले. "फक्त बसू देणारं कुणी उरलं नाय!"

"अरे, मग इथं बसा की!" डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या बाकाकडं बोट दाखवलं.

व्यंकटराव बसले. पाठ टेकली, पाय पसरले, डोळे मिटले. किती दिवसांनी! स्वर्ग म्हणतात तो याच बाकाएवढा असणार.

"उठा सायेब," कानाशी पुंजारामाचा आवाज आला. तो तळहातावर तेलाची कुपी चोळत उभा होता. "आज उजवी बाजू. एकच!"